बिस्किटाच्या गावाला

कॅम्पातल्या कयानी बेकरीसमोर रांगेत उभं राहून वाढलेल्या माझ्यासारख्या पुणेकराला तिथल्या बिस्किटाचं ‘श्रूजबेरी’ हे नाव मुळात इंग्लंडमधल्या एका गावाचं आहे, हे कळायला तिशी उलटावी लागली. कामानिमित्त बर्मिंगहॅमला आलो होतो. तिथून रेल्वेने तासाभराचा प्रवास, म्हणून एका शनिवारी निघालोच. नावाचा उच्चार श्रूजबरी की श्रोजबरी, यावर खुद्द गावातच एकमत नाही. आपला पुणेरी उच्चार तिसराच.

सेव्हर्न नदीने गावाला जवळजवळ पूर्ण विळखा घातलाय. जिथे नदी नाही तेवढ्या चिंचोळ्या तोंडावर लाल दगडांचा किल्ला. एका बाजूला इंग्लिश ब्रिज, दुसऱ्या बाजूला वेल्श ब्रिज. वेल्सची हद्द इथून फार लांब नाही. आत काळ्या लाकडी चौकटींची, पांढऱ्या भिंतींची घरं. ग्रोप लेनमध्ये तर समोरासमोरचे वरचे मजले इतके पुढे झुकलेत की वरच्या वर मीठ-साखर मागून घ्यावी.

मला सगळ्यात आवडला तो चौकातला १५९६ चा जुना बाजार. वर आता कॅफे आणि सिनेमागृह आहे, खाली दगडी कमानींचा मोकळा सोपा. तिथल्या एका खांबात ओळीने बारीक भोकं आहेत. लोकरीचे व्यापारी त्यांत खुंट्या सरकवून मालाचा हिशेब ठेवत. मी त्यांत करंगळी घालून पाहिली, दोनदा.

कमानीतून बाहेर आलो तर समोर रॉबर्ट क्लाइव्ह. हा इथला खासदार होता, १७६२ मध्ये महापौरही. आपण त्याला प्लासीसाठी ओळखतो, पण १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रजांतही तो होता. पुतळा हटवा अशी मागणी २०२० मध्ये झाली, तरी तो आहे तिथेच आहे. मी काही त्याच्यासोबत फोटो काढला नाही. डार्विनसोबत काढला. तो १८०९ मध्ये याच गावात जन्मला आणि ग्रंथालयाबाहेर निवांत बसलाय.

आता मुद्द्याचं. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दुकानाला पाटी आहे: पेलिन नावाच्या माणसाने १७६० मध्ये इथे श्रूजबरी केक पहिल्यांदा बनवला. तशी सतराव्या शतकातल्या पाकपुस्तकांतही कृती सापडते, पण पाटीशी कोण भांडणार? केक म्हणायचं, निघतं बिस्किटच. मी घेतलं ते पातळ, लिंबाच्या सालीच्या वासाचं, मधे काळे मनुके. वाईट नव्हतं. पण बोटांना तूप लागेना, आणि चहात बुडवल्यावर ते ढिम्म तसंच!

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तिकडची आणू नकोस, उगाच बॅगेत जागा जाते. उलट पुढच्या खेपेला इथून अर्धा किलो घेऊन जा त्यांना.”