आमची वाटचाल : बर्डीतलं दुकान आणि दोन कूलर

नागपुरात ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळ्याच्या नाहीतर वूडवूलच्या ताट्या, आत पाणी उपसणारी छोटी मोटर. २००७ साली बर्डीत १० बाय १२ च्या गाळ्यात आम्ही दुकान टाकलं आणि बोर्डावर हौसेनं लिहिलं, ‘प्रोसेसर, रॅम, कूलर, सर्व सुटे भाग’. पहिल्याच आठवड्यात दोन माणसं ताट्यांचा भाव विचारून गेली.

आधी सहा वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात कॉम्प्युटर जोडायचो. पतसंस्थेचं कर्ज, हिशेबाला बायको, पान्हे-पेचकस माझे, एवढ्यावर सुरुवात झाली. गिऱ्हाईक म्हणजे डीटीपीवाले, फोटो स्टुडिओवाले आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तो चालताना तापतो; त्याच्यासाठी वेगळा कूलर घ्यायचा असतो हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. प्रोसेसरच्या डब्यातच ॲल्युमिनियमचा गोल हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा पात्यांचा ठोकळा, आणि पंखा यायचा. चार प्लास्टिकच्या खुंट्या मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडायच्या मुख्य पाटीच्या, भोकांत दाबायच्या, चारही ‘टक्’ वाजल्या की काम झालं. तीनच वाजल्या तर आठ दिवसांत मशीन परत.

खरी अडचण लग्नसराईत कळली. आपल्याकडची लग्नं एप्रिल-मे मधली, म्हणजे एडिटिंगवाल्याचं मशीन सगळ्यात जास्त राबतं ते पारा ४५ ला टेकलेला असताना. २००९ मध्ये एका व्हिडिओवाल्या भाऊंना मी इंटेलचा कोअर आय७-९२० जोडून दिला. १३० वॅटचा प्रोसेसर, वर डब्यातलाच पंखा. महिनाभरानं भाऊ आले. “रात्री मस्त चालते, दुपारी दोननंतर गाढव होऊन जाते.” घरी जाऊन बघितलं. दुपारी लाइन गेली की इन्व्हर्टरवर मशीन चालायचं, खिडकीतला कूलर नाही. खोली अर्ध्या तासात भट्टी व्हायची. प्रोसेसरवरचा कूलर गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून खोलीच्या हवेत टाकतो, बस. खोलीच ४२ ला असेल तर तिच्या खाली तो जाणार कसा? आणि हीटसिंक लहान असला की ४२ चे पाहता पाहता ९० होतात. मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. भाऊंचं गाढव ते हेच.

त्यांना मी पहिला टॉवर कूलर बसवून दिला, कूलर मास्टरचा हायपर २१२. तांब्याच्या चार नळ्या, त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांची चळत, बाजूला १२० मिलीमीटरचा पंखा. उंची १६ सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे कॅबिनेटचं झाकण लागेना. भाऊंनी दोन वर्षं ते झाकण काढूनच मशीन वापरलं आणि मांजर आत बसतं म्हणून मला फोनही केला. पण मे महिना निघाला.

या नळ्यांबद्दल थोडं सांगतो, कारण ‘हवेचा कूलर’ हे नाव फसवं आहे. नळी पोकळ असते. आतली हवा काढून थोडंसं पाणी घालून ती बंद केलेली असते. प्रोसेसरच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ वर पात्यांकडे जाते, तिथं थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली येते. पंप नाही, मोटर नाही. म्हणजे पाणी त्यातही आहेच, ते फक्त कधी बाहेर येत नाही.

टॉवर विकायला लागलो आणि २०१२ मध्ये आपटलो. गडचिरोलीच्या एका स्टुडिओचं मशीन एसटीनं पाठवलं, कॅबिनेट उभंच. आत एकावर एक पंखे लावलेला दणकट टॉवर मदरबोर्डला आडवा लटकलेला. रस्ता कसा होता ते सांगायला नको. तिकडे झाकण उघडलं तेव्हा एक खुंटी तुटलेली, टॉवर ग्राफिक्स कार्डावर पडलेला आणि कार्डाचं सॉकेट मधोमध चिरलेलं. चूक पूर्णपणे आमची होती. कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही भरून दिले. त्या महिन्याचा हिशेब बायकोनं मला दाखवला नाही, नुसता टेबलावर ठेवला.

त्यामुळे छोटे लिक्विड कूलर हाताला लागले तेव्हा मला ते देवानं पाठवल्यासारखे वाटले. बंद, आधीच भरून आलेला हा प्रकार २००९ च्या कोर्सेअर एच५० नं लोकांपर्यंत नेला. त्यातलं तंत्र डेन्मार्कच्या ॲसेटेक कंपनीचं. आमच्यापर्यंत ते यायला २०१३ उजाडलं. प्रोसेसरवर मुठीएवढा पंप, दोन रबरी नळ्या आणि मागच्या पंख्याच्या जागी १२० मिलीमीटरचा रेडिएटर, म्हणजे तापलेलं पाणी गार करणारी पात्यांची जाळी. मदरबोर्डवर वजन जवळपास नाही, रॅमचे चारही खाचे मोकळे, छोट्या कॅबिनेटचं झाकण लागतं, एसटीत उभं पाठवा की आडवं. आणि खरं सांगायचं तर नफाही टॉवरपेक्षा बरा सुटायचा. दोन वर्षं मी दिसेल त्याला तोच सुचवला.

वर्ध्याचे एक काका मुलासाठी मशीन न्यायला आले होते. मी कौतुकानं ‘लिक्विड कूलिंग’ समजावून दिलं. त्यांनी सगळं ऐकलं, वाकून कॅबिनेटमध्ये बघितलं आणि विचारलं, “भाऊ, याच्यात पाणी कधी भराचं?” दुकानातली पोरं हसली, मीही हसलो. हे सीलबंद असतं, भरायचं नसतं, असं ठासून सांगितलं.

तीन वर्षांनी काकाच खरे ठरले. रबरी नळीतून पाण्याचा अंश फार हळू उडून जातो. दिसत नाही, ओल येत नाही, पण आतलं द्रव कमी होतं आणि त्याच्या जागी हवा साचते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाते. ती जागा रेडिएटरचं वरचं टोक असेल तर ठीक, पंप असेल तर पंप घरघरतो आणि कोरडा फिरून मरतो. आणि आम्ही कितीतरी मशिनांत रेडिएटर पंपापेक्षा खाली लावले होते, नळ्या तिकडे छान दिसतात म्हणून! २०१६ च्या मे महिन्यात असे पंप एकामागून एक येऊ लागले. खोली जितकी तापलेली तितकं हे लवकर होत असावं असा माझा अंदाज. पुण्याच्या माझ्या ओळखीच्या दुकानदाराला इतका त्रास झालेला नाही.

एक मात्र सरळ गळलाच. एका आर्किटेक्ट मॅडमच्या मशीनमध्ये पंपाच्या जोडाशी थेंब जमला आणि खालच्या ग्राफिक्स कार्डावर पडला. कंपनीचं नाव घेत नाही. कूलरच्या बदल्यात कूलर आला, तोही पाच आठवड्यांनी. कार्डाचं काय, तर पत्रव्यवहार. मॅडमचं काम अडलेलं, म्हणून कार्ड आम्हीच दिलं. गडचिरोलीनंतर हे दुसरं.

त्या पावसाळ्यात दुकान मंद असताना मी दोन्ही कूलर एकाच मशीनवर आलटून पालटून लावले. तोच प्रोसेसर, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची पेस्ट तीच, दुकानातला खिडकीचा कूलर बंद. एका बाजूला १२० चा छोटा लिक्विड, दुसऱ्या बाजूला सहा नळ्यांचा जोड टॉवर, म्हणजे पात्यांच्या दोन चळतींचा. तासाभराचं रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायचं जड काम, लावलं. पहिली दहा मिनिटं लिक्विड पुढे होता, आणि जाहिरातीत दाखवतात ती हीच दहा मिनिटं. पाणी उष्णता पोटात घेतं, तापायला वेळ लावतं. पण एकदा तापलं की सगळा भार त्या १२० मिलीमीटरच्या रेडिएटरवर येतो, आणि त्याचा पसारा जोड टॉवरच्या पात्यांपुढे किती असणार? विसाव्या मिनिटाला दोघं बरोबरीत आले, तासाच्या शेवटी टॉवरचं तापमान थोडं कमी होतं. आवाजाची तर तुलनाच नको. टॉवरचे पंखे आरामात फिरत होते, लिक्विडचा एकुलता पंखा बोंबलत होता आणि त्यात पंपाची किणकिण वेगळी.

आणखी एक गोष्ट मदरबोर्डवर बोट ठेवल्यावर कळली. टॉवरचा पंखा प्रोसेसरच्या आजूबाजूच्या वीज पुरवणाऱ्या भागांवरही वारा टाकतो. लिक्विड लावला की पंखा जातो कॅबिनेटच्या भिंतीला, हा भाग तसाच शिजतो. नागपूरच्या उन्हात मदरबोर्ड जातात ते बहुधा इथंच.

तेव्हापासून १२० चा लिक्विड आम्ही विकणं बंद केलं. कुणी मागितलाच तर कारण सांगतो, तरी हवाच असेल तर शेजारच्या दुकानाचा पत्ता देतो. २०१५ पासून इंटेलनं ‘के’ अक्षरवाल्या प्रोसेसरबरोबर पंखा देणं थांबवलं होतंच, त्यामुळे कूलरचा निर्णय आता बिल करतानाच घ्यावा लागतो. कोटेशनवर मी कूलरच्या ओळीत पुढच्या पाच वर्षांचा खर्च पेनानं लिहितो. टॉवरचा पंखा गेला तर सहा-सातशे रुपये आणि दहा मिनिटं. तोवरही मशीन हळू का होईना चालतं. लिक्विडचा पंप गेला तर अख्खा कूलर नवा, आणि तो येईस्तोवर मशीन बंद. लग्नसराईत एडिटरला ते परवडत नाही. शिवाय टॉवर एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर जातो. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या २०१७ च्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेवर, लावलेले बहुतेक टॉवर २०२२ च्या एएम५ वरही बसले. इंटेलनं २०२१ मध्ये भोकांचं अंतर बदललं, पण तिथंही पट्टी बदलून भागतं.

टॉवरच्या तक्रारीही आहेत, लपवत नाही. नॉक्चुआचा एनएच-डी१५ घ्या. १६५ मिलीमीटर उंच, दोन पंख्यांसह १.३२ किलो, रंग फिल्टर कॉफीचा. उंच दिवेवाली रॅम त्याच्याखाली मावत नाही, कॅबिनेट आधी टेपनं मोजावं लागतं आणि कॉलेजची पोरं काचेतून तो बघून नाक मुरडतात. एकदा आमच्याच पोरानं तळाचं प्लास्टिक न काढता टॉवर बसवला आणि मशीन तासाभरात १०० अंशावर. आता सोललेलं प्लास्टिक बिलाला टाचून देतो, पुरावा म्हणून.

आणि जिथं लिक्विडच लागतो तिथं लिक्विडच. २०२२ चा आय९-१३९००के जोर लावला की २५३ वॅटपर्यंत जातो. बंद खोलीत, मे महिन्यात, तासन्‌तास रेंडर, तिथं टॉवरनं हात टेकले. अशा गिऱ्हाइकाला ३६० मिलीमीटरचा, तीन पंख्यांचा रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावून देतो, म्हणजे हवा पंपात अडकत नाही. बिलावर शिक्का मारतो, ‘पाचव्या वर्षी कूलर बदलावा’. चंद्रपूरच्या एका स्टुडिओत तर दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारायला माणूस पाठवावा लागतो. तिथल्या कोळशाच्या धुळीनं रेडिएटरच्या बारीक पात्यांवर काळं फडकं अंथरल्यासारखा थर बसतो. टॉवरच्या पात्यांत फट मोठी, तो एवढा लवकर तुंबत नाही.

गडचिरोलीकडे मशीन आजही एसटीनंच जातं. मोठा टॉवर असेल तर तो वेगळ्या खोक्यात, आणि मागोमाग आमचा पोरगा बसवायला. ते शक्य नसलं तर कॅबिनेट आडवं झोपवून, टॉवर आत उभा राहील असं, वर लाल बाण काढून.

आता दुकान दोन गाळ्यांचं आहे, माणसं पाच. बोर्ड दोनदा रंगवला, पण ‘कूलर’ शब्द तसाच ठेवला. एप्रिल लागला की ताट्या विचारणारे येतातच. गेल्या वर्षीपासून बायकोनं काउंटरखाली वूडवूलचे गठ्ठे आणून ठेवलेत. पंधरवड्यात संपले.