शांता आपटेंचं उपोषण

‘कुंकू’ चित्रपटातली नीरा हातात छडी घेते, तो प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी ताठ होऊन बसते. मामानं फसवून तिचं लग्न एका म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी लावलेलं आहे. त्या वकिलाचा, काकासाहेबांचा, मोठा मुलगा नीरावरच नजर टाकतो आणि ही मुलगी त्याला छडीनं फोडून काढते. नात्यानं आई आहे ना, मग आईनं मुलाला शिस्त लावायलाच हवी! १९३७ साली मराठी पडद्यावर हे घडलं. नीरा झालेल्या शांता आपटे तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेल्या होत्या.

ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी हा चित्रपट केला. त्यात पार्श्वसंगीत मुळीच नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, दारांचे, भांड्यांचे आवाज, एवढंच. अशा ठिकाणी नटीला लपायला जागा राहत नाही. दुःख दाखवायचं तर तिला स्वतःच दाखवावं लागतं, व्हायोलिन मदतीला येत नाही. शांताबाई ते चेहऱ्यानं नाही, सगळ्या अंगानं दाखवतात. त्या काळच्या गायक-नटांना जागच्या जागी उभं राहून गायची सवय होती. शांताबाईंचे गाताना हात बोलतात, मान वळते, डोळे समोरच्याला जाब विचारतात. चित्रपटात त्या लाँगफेलोची एक कविता चक्क इंग्रजीत गातात. आयुष्याच्या रणांगणावर मुक्या गुरासारखं हाकलं जाऊ नका, वीरासारखं लढा, असं सांगणारी ती कविता नीराच्या तोंडी घालण्यामागे दिग्दर्शकाची हुशारी होतीच. पण ती खरी वाटते ती बाईंमुळे. केशवराव दात्यांचे काकासाहेब थोर आहेत, याबद्दल वादच नाही. तरीही माझ्या मते चित्रपट नीराचा आहे.

शांताबाई मूळच्या दुधनीच्या. सोलापूरहून गुलबर्ग्याकडे जाताना लागतं ते दुधनी. लहानपणी पंढरपुरात गाणं शिकल्या. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या, शाहू मोडक कृष्ण. मग ‘प्रभात’ फिल्म कंपनीत आल्या आणि १९३४च्या ‘अमृतमंथन’नं त्यांचं नाव हिंदुस्थानभर झालं. पुढे ‘अमरज्योती’, ‘कुंकू’ आणि १९३८ साली ‘गोपालकृष्ण’. इथवरचं सगळीकडे वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या वर्षाबद्दल.

माझी सगळी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं युनियनच्या कामात गेली. द्वारसभा, मागणीपत्र, निदर्शनं यांत मी वावरले आहे. त्यामुळे ‘प्रभात’बद्दल वाचताना माझं लक्ष वेगळ्या गोष्टींकडे जातं. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली. इथे नायकापासून सुतारापर्यंत सगळे पगारी. वेळेवर यायचं, शिस्तीत राहायचं. चित्रपट गाजला तरी नायिकेच्या हाती पडायचा तो ठरलेला पगार. ‘प्रभात हे एक कुटुंब होतं’ असं जुनी मंडळी प्रेमानं सांगतात, आणि त्यांचं प्रेम खोटं नाही. पण कुटुंब म्हटलं की मागणी करणारा माणूस उद्धट ठरतो, हे मी खूप जवळून पाहिलंय. ‘आपण सगळे एकच’ हे वाक्य मागणीपत्र टेबलावर ठेवल्यावरच ऐकू येतं.

१९३८च्या ‘गोपालकृष्ण’नंतर शांताबाईंचा ‘प्रभात’मध्ये नवा चित्रपट आला नाही. १९३९च्या ‘माणूस’ची नायिका शांता हुबळीकर होत्या. करारावरून आणि पगारावरून शांताबाईंचं आणि कंपनीचं बिनसलं. आणि १९३९च्या जुलैत या बाई ‘प्रभात’च्या फाटकाशी येऊन उपोषणाला बसल्या.

हे चित्र नीट डोळ्यांसमोर आणा. ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याचं फाटक. बाहेर बसलीय ती देशातली आघाडीची गायिका-नटी. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं, त्यामुळे या शस्त्राची धार सगळ्यांना ठाऊक होती. पण ते संस्थानिकांविरुद्ध होतं. पगारासाठी, करारासाठी, आणि तेही एका सिनेमातल्या बाईनं? वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. आजही या उपोषणाचा उल्लेख येतो तो ‘तापट स्वभावाची नटी’ या सदराखाली, गमतीचा किस्सा म्हणून. त्याचा मला मनापासून राग येतो. फाटकाशी बसायला काय लागतं ते मला माहीत आहे. येणारे-जाणारे बघतात. आत काम करणारे कालचे सोबती मान खाली घालून शेजारून जातात. घरचे विचारतात, एवढं ताणायची काय गरज होती? आमच्या मागे निदान शेकडो सभासद असत. शांताबाईंच्या पाठीशी कुठलीच संघटना नव्हती. त्यांचे भाऊ बाबूराव त्यांचा व्यवहार बघत, एवढाच आधार.

इथे त्याच काळातल्या नटी दुर्गा खोट्यांची आठवण येते. दुर्गाबाईंनी फार लवकर एका कंपनीला बांधून न घेता कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई, पुणे असं हवं तिथे काम केलं. सॉलिसिटरची मुलगी, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, दोन मुलांना घेऊन उभी राहिलेली. त्यांच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे. पण बोलणी करायला टेबलापाशी खुर्ची मिळणं आणि फाटकाबाहेर बसावं लागणं यांत फरक आहे. शांताबाईंना ती खुर्ची कुणी दिली नव्हती.

शांताबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिलं. नावावरून वाटेल की नटीच्या आठवणी असतील, कुणी काय घातलं आणि कोण कोणाशी बोलत नव्हतं. तसं ते नाही. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या माणसाला हा धंदा कसा चालतो, पैसा कुणाचा, श्रम कुणाचे आणि नफा कुणाच्या खिशात जातो, हे सांगायला त्या बसल्या आहेत. नट-नटी म्हणजे या धंद्यात पिळले जाणारे श्रमिक आहेत, असं एक नामांकित नायिका १९४० साली छापील मराठीत म्हणते! आमच्या अभ्यासवर्गांत आम्ही कामगार चळवळीचा इतिहास शिकायचो. गिरण्या, रेल्वे, गोदी सगळं त्यात होतं. सिनेमाच्या स्टुडिओचं नाव तिथे कधी निघालं नाही, आणि हे पुस्तकही कुणी पुढे केलं नाही.

‘प्रभात’ सुटल्यावर त्या संपल्या, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. १९४१ साली त्या मद्रासकडे गेल्या आणि तमिळ ‘सावित्री’त नायिका झाल्या. त्यात नारद होत्या कर्नाटक संगीतातल्या थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी! दुधनीची मुलगी तमिळमध्ये सावित्री आणि समोर एम. एस. वीणा घेऊन, मला तर हे वाचूनच अंगावर काटा आला होता. १९४२ साली लाहोरचे निर्माते पांचोली यांच्याकडे ‘जमीनदार’, संगीत गुलाम हैदरांचं. पुढच्या वर्षी ‘दुहाई’त नूरजहाँबरोबर. १९४६ साली मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त शांताबाईंबरोबर एक बारीकशी, नवखी मुलगी गायली, तिचं नाव लता मंगेशकर. पुणे सोडल्यावर मद्रास, लाहोर, मुंबई इतकं फिरल्या त्या. यातला एकही चित्रपट ‘कुंकू’च्या उंचीचा नाही, हे मान्य करायला हवं. तशी भूमिका त्यांना पुन्हा कुणी दिली नाही, आणि नुकसान प्रेक्षकांचंही झालं.

पन्नासच्या दशकात कामं कमी होत गेली. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्या गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती.

माझं एक मागणं आहे, प्रकाशकांकडे. हंसा वाडकर, दुर्गा खोटे यांची आत्मचरित्रं मराठी वाचकानं डोक्यावर घेतली. मग ‘जाऊ मी सिनेमांत?’ची नवी आवृत्ती का निघू नये? मजकूर जसाच्या तसा ठेवावा, जुनी भाषा गुळगुळीत करू नये. शेवटी १९३९च्या जुलैतल्या बातम्या आणि त्यावरची वाचकांची पत्रं जोडावीत, म्हणजे त्या उपोषणाला कोण काय म्हणालं तेही कळेल. किंमत कमी ठेवावी. मालिकांच्या सेटवर दिवसाचे बारा-बारा तास उभ्या असणाऱ्या मुलींना ते परवडलं पाहिजे, आणि पुढच्या करारावर सही करण्याआधी त्यांच्या हातात पडलं पाहिजे.