चिनी कार्बन फ्रेमवर रोड बाईक जोडताना: माझा अनुभव

चिनी कार्बन फ्रेम म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: उतारावर तुटणार नाही ना? जोडणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर फ्रेमपेक्षा जास्त डोकं खातात ते तिच्याबरोबर छोट्या पिशवीत येणारे भाग. एक्स्पांडर (हँडलखालच्या नळीत आतून ताणून बसणारा तुकडा), सीटपोस्टची (सीटच्या दांड्याची) पाचर, हेडसेटची (हँडल फिरतं त्या सांध्याची) बेअरिंगं, हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर टांगायचा तुकडा), बोल्ट. कारखान्याने काटकसर केलेली असते ती इथेच.

माझी फ्रेम शियामेनची, ओपन मोल्ड प्रकारातली; म्हणजे एकाच साच्यातली फ्रेम वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. मोठ्या ब्रँडचं नाव चिकटवलेली नक्कल ही वेगळी गोष्ट, तिच्या वाटेला जाऊ नये. अलीएक्स्प्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, त्यामुळे कारखान्याशी थेट ईमेलवर बोलावं लागतं. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मिळून साधारण ४०० ते ८०० डॉलर धरा. विक्रेता ‘बिलावर कमी किंमत दाखवतो’ म्हणाला तर नको म्हणा. कस्टम्सला संशय आला तर पार्सल अडकतं, आणि वाटेत फ्रेम फुटली तर भरपाई बिलावरच्या आकड्याएवढीच मिळते. ड्युटी फक्त फ्रेमच्या किमतीवर नसते. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर ती लागते आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी. हा हिशेब आधी करा, मग ‘स्वस्त’ म्हणा.

ऑर्डर देण्याआधी मी चार गोष्टी लेखी मागतो. पहिली, स्टॅक आणि रीचचे आकडे, म्हणजे पेडलच्या आसापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उंची आणि आडवं अंतर. ५२, ५४ हे साइझ प्रत्येक कारखान्याचे वेगळे असतात, म्हणून आपल्या सध्याच्या सायकलचे दोन्ही आकडे मोजून त्यांच्याशी ताडायचे. दुसरी, आयएसओ ४२१० या सायकल-सुरक्षेच्या मानकाचा चाचणी अहवाल, त्याच मॉडेलचा. तिसरी, बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या सांध्याचा) प्रकार. चौथी, हँगर यूडीएच (बऱ्याच फ्रेमना चालणारा प्रमाणित प्रकार) आहे का. नसेल तर त्याच पार्सलमध्ये दोन जादा हँगर मागवायचे, कारण तसा हँगर पुण्यातल्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही. ‘टी-१०००’ या अक्षरांवर मात्र एक रुपयाही जादा देऊ नका. तोरे कंपनीच्या टी-८०० आणि टी-१००० या दोन्ही कार्बन धाग्यांचा मॉड्युलस (ताठरपणाचं माप) सारखाच, २९४ गिगापास्कल. फ्रेमचा ताठरपणा थर कसे लावले त्यावर ठरतो, आणि ते स्टिकरवर कुणी लिहीत नाही. रंगही नको. नुसत्या मॅट क्लिअर कोटची फ्रेम हलकी असते, आणि रंगाखाली पुटी लपवायला जागा उरत नाही.

खोका उघडल्यावर लगेच जोडणीला बसायचं नाही. मोबाईलला लागणारा स्वस्त एन्डोस्कोप बीबीच्या आणि हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) भोकातून आत घालून सुरकुत्या, साच्यात वापरलेल्या फुग्याचे राहिलेले तुकडे, रेझिनचे सुटे गोळे बघायचे. सुटा गोळा राहिला तर तो पुढे डाउनट्यूबमध्ये (खालच्या तिरक्या नळीत) कायम खडखडत राहतो. मग नाण्याने सगळीकडे हलकेच टकटक करायची. आवाज एखाद्या जागी अचानक बद्द झाला तर तिथे खूण करून विक्रेत्याला व्हिडिओ पाठवायचा. सरळपणा बघायला एक दोरा पुरतो. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या जागेपासून) हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधायचा आणि सीटट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर व्हर्नियरने मोजायचं. एक मिलिमीटरच्या आत फरक असेल तर फ्रेम ठेवावी.

बीबीच्या प्रकारांत मी टी-४७ लाच चिकटून आहे. बीबी-८६ मध्ये ४१ मिमीचं भोक तंतोतंत गोल नसलं की बेअरिंगचा कप दाबून बसवला तरी कुरकुरतो, आणि भोक काही दुरुस्त करता येत नाही. टी-४७ ला आटे असतात. क्रँकच्या बाजूचे आटे उलटे, हे विसरून पाना लावला तर आटेच जातात. कप आधी हाताने, ग्रीस लावून पूर्ण फिरले पाहिजेत. अडले तर आट्यांत रंग साचलेला असतो. तो टोच्याने काढायचा, पान्याच्या जोरावर पुढे रेटायचं नाही.

खरं काम सुरू होतं ते होज (ब्रेकच्या तेलाच्या नळ्या) आत ओवताना. या फ्रेममध्ये सगळं हँडलमधून, स्टेमखालून (स्टेम म्हणजे हँडल धरणारा तुकडा), वरच्या बेअरिंगच्या आतून जातं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिमी, आतला ४०, स्टिअरर (फोर्कची वर येणारी नळी) २८.६. उरलेल्या फटीतून दोन होज आरामात जातात, पण मेकॅनिकल गिअरच्या आणखी दोन केबल घातल्या तर त्यांना इतकं तीव्र वळण बसतं की गिअर जड पडतात. म्हणून अशा फ्रेमवर मी शिमानोच्या १०५ डीआय-२ या इलेक्ट्रॉनिक गिअरसंचाची २०२२ ची १२ स्पीड आवृत्तीच घातली. लिव्हर वायरलेस असल्यामुळे हेडसेटमधून फक्त ब्रेकचे होज जातात. बॅटरी सीटपोस्टमध्ये बसते. तिथून पुढच्या आणि मागच्या डिरेलरला एकेक वायर लागते; लांबी अंदाजाने न मागवता दोरा ओवून मोजून घ्या. सीटपोस्ट गोल नसून एरो आकाराचा असेल तर बॅटरीचा होल्डर विक्रेत्याकडूनच मागवावा लागतो.

होज ओवायची युक्ती सोपी आहे. शिवणाच्या दोऱ्याला फोमचा बारका तुकडा बांधायचा, तो वरच्या भोकात सोडायचा, खाली चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा आणि बाकीची भोकं हाताने झाकायची. दोरा सर्रकन बाहेर येतो. त्याला होज बांधून ओढायचा, पण त्याआधी होजवर फोमची नळी चढवायची. नळी राहिली तर खराब रस्त्यावर डाउनट्यूब ढोलकीसारखी वाजते. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हेही ओवण्याआधीच ठरवा. आपल्याकडे मोटारसायकलमुळे पुढचा ब्रेक उजव्या हाताला अंगवळणी पडलेला असतो, आणि नंतर बदलायचं म्हटलं तर सगळं पुन्हा उसवावं लागतं.

स्टिअरर कापण्याआधी स्टेम आणि स्पेसर (उंचीसाठीच्या कड्या) कोरडेच लावून बघायचे. स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर राहिलाच पाहिजे आणि स्टिअररचं तोंड त्या स्पेसरच्या ३ मिमी खाली. खुणेवर मास्किंग टेप, ३२ दात्यांचं बारीक हॅक्सॉ ब्लेड, सॉ-गाइड, तोंडाला मास्क, आणि पाण्याने ओलं ठेवत कापायचं. एका बाजूने अर्ध्यापर्यंत कापून फोर्क फिरवायचा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने, म्हणजे शेवटचे धागे उपटत नाहीत. कड पॉलिश पेपरने घासून तिला सुपरग्लूचा पातळ थर द्यायचा. धूळ ओल्या फडक्याने पुसा, फुंकर मारू नका.

आता तो एक्स्पांडर. सोबत आलेला माझा जेमतेम ३० मिमीचा होता. स्टेमची पकड साधारण ४० मिमी उंच असते, म्हणजे खालचा बोल्ट आवळताना आतून आधारच नाही. ५० मिमी किंवा त्याहून लांब एक्स्पांडर वेगळा घ्या. एक्स्पांडर आणि कार्बन यांच्यामध्ये ग्रीस अजिबात नको.

मागच्या कॅलिपरचे (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट चेनस्टेच्या खालून येतात, त्यामुळे लांबी जाडीप्रमाणे लागते. शिमानोचा हिशेब असा: जाडीत १३ मिमी मिळवायचे, म्हणजे २५ मिमीला ३८ चा बोल्ट. सोबत आलेले बोल्ट मोजल्याशिवाय लावू नका. कॅलिपर बसतो त्या पृष्ठभागावर रंगाचा थेंब असला तरी तो तिरका बसतो आणि पॅड घासत राहतात. सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून तेवढा रंगच काढायचा, कार्बन नाही. होज कापल्यावर ऑलिव्ह आणि इन्सर्ट (होजच्या टोकाचे जोडतुकडे) दर वेळी नवीन. ब्लीड करताना (तेलातली हवा काढताना) चाक आणि पॅड काढून ठेवा, आणि शिमानोमध्ये मिनरल ऑइलच, डॉट (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) नाही; डॉटने सील फुगतात. पॅडला तेल लागलं तर सरळ बदला.

टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा, पण आणा. स्टेम ५ न्यूटन मीटर, सीटपोस्टची पाचर ५ ते ६, क्रँक आर्म १२ ते १४, कॅलिपर ६ ते ८, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) आणि रोटरची (ब्रेकच्या चकतीची) लॉकरिंग ४०. स्टेम आणि पाचरीवर कारखान्याने कमी आकडा छापला असेल तर तोच पाळायचा. सीटपोस्टला ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. ती असेल तर पाचर जादा न आवळताही सीटपोस्ट खाली सरकत नाही.

रस्त्यावर आणल्यावर आधी ब्रेकचे पॅड आणि रोटर एकमेकांना बसवून घ्यायचे: ३० च्या वेगावरून जवळजवळ थांबेपर्यंत, वीसेक वेळा. त्याशिवाय सिंहगड उतरू नये. चढाला ५०-३४ दात्यांच्या चेनरिंग (पुढच्या चकत्या) आणि ११-३६ कॅसेट मला पुरते. टायर ३० मिमी ट्यूबलेस, ७० किलोच्या माणसाला पुढे ५५, मागे ५८ पीएसआयच्या आसपास. फ्रेमला ३२ चालतं असं लिहिलेलं असलं तरी टायर रुंद रिमवर फुगतो, तेव्हा दोन्हीकडे ४ मिमी फट मोजून बघा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. कुरकुर आलीच तर बीबीला दोष देण्याआधी क्रमाने थ्रू-अ‍ॅक्सल (चाकाचा आरपार आस), पाचर, हेडसेट अशी तपासणी करा. उभं राहून पेडल मारताना आवाज थांबला तर तो बहुतेक पाचरीचाच.

आणि वरचं बेअरिंग. होज त्याच्या आतून जात असल्यामुळे ते बदलायचं म्हणजे होज सोडायचा, पुन्हा ब्लीड करायचं. पावसाळ्यात सोबतचं साधं बेअरिंग गंजतंच, म्हणून पहिल्या जोडणीतच स्टेनलेसचं घालून जलरोधक ग्रीस भरपूर थापतो. बदलताना कडेवर छापलेले कोनही बघा, ३६/४५ की ४५/४५. चुकीचं असेल तर हेडसेट कितीही आवळला तरी खेळ राहतो.