लिथियम चालू असताना देवगडचा मे महिना

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याचा आजार, त्यातला टाइप वन, म्हणजे मेनिया पूर्ण जोरात येतो तो प्रकार. माझा मेनिया कसा होता ते सविस्तर सांगत बसत नाही, झोप नाही, तोंड बंद नाही आणि कलमांच्या बागेत होमस्टे काढायचा म्हणून चिऱ्यांचे ट्रक मागवलेले, एवढं पुरे. लिहायचंय ते गोळ्यांबद्दल.

सुरुवातीला लिथियमबरोबर (मन ठिकाणावर ठेवणारं मुख्य औषध) मेनिया उतरवायला ओलान्झापिन होतं. भूक अशी की जेवून हात धुतले की परत भाताच्या टोपाकडे लक्ष, आणि झोप अशी की पेज थंड होऊन जायची तरी मी अंथरुणातच. शर्टाची बटणं लागेनात. ते नंतर डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केलं, तो विषय संपला. लिथियम राहिलं.

लिथियमने पहिल्यांदा तहान लावली. रात्री उशाशी तांब्या भरून ठेवायचा आणि सकाळपर्यंत तो रिकामा, मधे लघवीला उठणं तर चालूच, पावसात मागच्या पडवीतून जायचं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी तशी सोय आहे त्यांनाच कळेल. तहान लागली की मी कोकम सरबत प्यायचो, डॉक्टरांनी विचारलं साखर किती घालता, मग वजन कुठून येतंय ते दोघांनाही कळलं. आता साधं पाणी. सगळा डोस रात्री एकदम घ्यायला लावला त्यांनी, त्याने लघवीचा त्रास बराच उतरला.

मग हात. बारीक थरथर, बघणाऱ्याला लगेच दिसते. बशीत कप वाजायचा, चेकवरची सही जुळेना म्हणून बँकेने परत करायला लावली, आणि गणपतीत आरतीचं ताट हातात घेतलं तर वाडीतल्या एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, हात कित्याक कापतत? घेतलंस काय?" आमच्याकडे हात कापले की दारू, दुसरं कारण कोणाच्या डोक्यात येतच नाही. मी सांगितलं औषधाने होतं, कुठलं औषध ते नाही सांगितलं, तेवढा हक्क आपला आहे असं मी समजतो. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिलं (दमा असेल तर ते चालत नाही, मला नाहीये), चहा-कॉफी कमी करायला सांगितली. थरथर गेली नाही पण सही जमते.

आता खरी गोष्ट, मीठ आणि घाम. लिथियम हा क्षार आहे आणि किडनी त्याला जवळजवळ मिठासारखंच वागवते. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही, मग रक्तातली लेव्हल चढते. लेव्हल साधारण ०.६ ते १.० मधे ठेवतात, १.५ च्या वर गेली की विषबाधेचा धोका, कधी त्याच्या आधीही, म्हणजे मधली जागा किती ते बघा. एसीत बसणाऱ्याचं निभतं. आमच्याकडे मे महिन्यात आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, टेम्पोत चढवायच्या आणि गंजी पिळली तर पाणी गळेल असा घाम.

त्या मेमधे पेट्या उचलून कंबर धरली होती, त्यावर मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक चालू होतं आणि घाम तर होताच. एक दिवस मळमळ, जुलाब, हाताची थरथर नेहमीची नाही तर मोठी, आणि चालताना मी होडीत उभा असल्यासारखा झोकांड्या खातोय. वहिनीने फोन लावला, डॉक्टर म्हणाले आजची गोळी घ्यायची नाही, ताबडतोब या. रिपोर्ट १.४. सलाईन लागलं, किडनी ठीक निघाली, नंतर डोस कमी करून परत सुरू. कंबरेच्या गोळीनेही लेव्हल चढते हे तेव्हा कळलं, डायक्लोफिनॅक काय, आयबुप्रोफेन काय, बीपीच्या काही गोळ्यासुद्धा. आता पाकिटात चिठ्ठी असते, "लिथियम चालू आहे", मेडिकलवाल्यापुढे तीच ठेवतो आणि पॅरासिटामॉल घेऊन येतो.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, १९४९ पासूनचं औषध, ऑस्ट्रेलियातल्या जॉन केडच्या वेळचं, नवीन काही नाही का? आहेत म्हणाले, पण तुम्हाला हे लागू पडलंय, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात याच्याइतकी खात्री दुसऱ्या कुणाची देता येत नाही. मग मी गप्प बसलो, कारण चिऱ्यांच्या ट्रकनंतर जो काळ आला होता तो मला आठवत होता.

श्रावणात वेगळीच भानगड. आईने माझ्यासाठी नवस बोललेला, सोमवार अळणी. मीठ एकदम बंद करायचं नाही आणि एकदम वाढवायचंही नाही, रोजचं तेवढंच ठेवायचं, हे तिला मी सांगून बघितलं, ऐकेना. शेवटी डॉक्टरांनाच फोनवर दिलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मगे उपास मी करतंय, तू खा मीठ." देवाला चाललं बहुतेक.

लेव्हल तपासायला रक्त द्यायचं ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी असेल तर रक्त देऊन मग. आणि लॅबवाल्याला आधी सांगायचं की लिथियम हेपॅरिनच्या ट्यूबमधे घेऊ नका, त्या ट्यूबमधेच लिथियम असतं, रिपोर्ट उगाच वर दाखवतो. सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी). माझं टीएसएच वाढलं, त्याची छोटी गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा तास. तो अर्धा तास मात्र जाता जात नाही.

यंदा आंब्याला माणूस जास्त लावलाय. मी सावलीत बसून प्रतवारी करतो आणि पेट्यांवर नंबर टाकतो, अक्षर वाकडंतिकडं येतं, वाशीच्या दलालाला वाचता येतं.