सतरा वर्षं जी ओतलीच गेली नाहीत

गावाकडून कुणी आलं की मी त्यांना ब्रिटिश म्युझियमला नेतेच, फुकट आहे आणि पाऊस असला तरी दिवस जातो. पण परवा ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेले. ती बेनिन सिटीची, म्हणजे नायजेरियातली, बेनिन नावाचा देश वेगळा. तिने मला मम्यांकडे वगैरे वळूच दिलं नाही, थेट खाली आफ्रिकेच्या दालनात.

तिथे पितळेचे फलक उभ्या दांड्यांवर लावलेत. जवळ जाऊन बघितलं तर फलकांवरच्या शिपायांच्या मागे सगळीकडे चार पाकळ्यांची बारीक नक्षी, आणि कडांना खिळ्यांची भोकं. हे फलक ओबाच्या, म्हणजे राजाच्या वाड्यातल्या खांबांवर ठोकलेले होते. १८९७ साली ब्रिटिश फौजेने शहर लुटलं, ओबा ओव्होनरामवेनला कलाबारला हद्दपार केलं, १९१४ ला तो तिथेच गेला आणि मग मुलगा गादीवर बसला. मैत्रीण बराच वेळ त्या भोकांकडेच बघत होती. मला काय बोलावं सुचेना.

मग बाकावर बसून तिने मोबाईलवर मिने अताइरू या नायजेरियन कलाकाराचं काम दाखवलं. ओबाच नाही तर ओतारी कुणासाठी ओतणार? त्यामुळे मधली सतरा वर्षं दरबारचं काम जवळजवळ थांबलं. अताइरूने लुटून नेलेल्या वस्तूंचे फोटो एआयला शिकवायला दिले आणि त्या सतरा वर्षांत काय घडलं असतं ते मशिनकडून काढून घेतलं. प्रकल्पाचं नाव ‘इगुन’, बेनिनच्या ओताऱ्यांच्या आळीवरून. ते चेहरे जुन्यासारखे दिसतात पण जुने नाहीत, आणि बघताना पोटात कालवतं.

हे मला फार म्हणजे फार आवडलं. आपल्याकडे एआयने महाराजांचे जे फोटो करतात ते बघा, पिळदार दंड, सिनेमातलं ऊन, सगळं चकचकीत, कारण मशिनने जगभरचं जे काही खाल्लंय तेच ते ओकतं. अताइरूने त्याला बेनिनचंच खायला घातलं! आपल्याकडे बखरी आहेत, मोडी कागदांचे ढीग आहेत, लघुचित्रं आहेत, मग आपण का नाही करत?

तरी मी मैत्रिणीला म्हटलंच, स्क्रीनवरच्या चित्राने काय होणार, वस्तू तर इथेच आहे. तर ती म्हणाली, तुमची वाघनखं तरी कायमची गेली का? लागलं मला ते. २०२४ ला ती साताऱ्याला गेली ती तीन वर्षांच्या बोलीवर, आणि त्याच वर्षी घानाचं असांते राजांचं सोनं इथून कुमासीला गेलं तेही उसनंच. ब्रिटिश म्युझियमला तर १९६३ च्या कायद्याने काही मोजके अपवाद सोडले तर संग्रहातलं काही कायमचं देताच येत नाही म्हणे. जर्मनीने २०२२ मध्ये हजाराच्या वर बेनिनच्या वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, मग यांनाच काय अडचण आहे? पण साताऱ्यात लोकांनी डोळ्यांनी बघितलं ना, ते मला कमी वाटत नाही. आणि मी इथे राहते, इथे टॅक्स भरते म्हणून मी गप्प बसावं असंही मला वाटत नाही, उलट बोलायचा हक्क त्यामुळेच जास्त आहे.

चिडी न्वाउबानी या कलाकाराने आणि त्याच्या साथीदारांनी वेगळीच वाट काढली. म्युझियममध्ये जाऊन वस्तू मोबाईलने स्कॅन करायची आणि तिची डिजिटल प्रत तिच्या गावी पोचवायची. २०२३ ला त्यांनी ब्रिटिश म्युझियममधली रोझेटा शिळा, म्हणजे तीन लिप्यांतला लेख कोरलेला जुना दगड, अशी इजिप्तमध्ये रशीदला नेली, जिथे ती सापडली तिथे उभं राहून मोबाईल धरला की ती दिसते. गटाचं नाव ‘लुटी’. ‘लूट’ शब्दही इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलेला, हे मी तिला सांगितल्यावर ती इतकी मोठ्याने हसली की लोक वळून बघायला लागले.

डिसेंबरात ती घरी गेली होती. तिचे मामा अजूनही मेणाचे नमुने करून पितळ ओततात. तिने त्यांना अताइरूची चित्रं दाखवली. त्यांनी मोबाईल हातात घेतला, झूम केलं, मग उलटा करून त्याची पाठ बघितली आणि विचारलं, पुढून दिसतंय, पण मागची बाजू कुठंय? जाडी कळल्याशिवाय ओतणार कसं?

आता ती मागची बाजू शोधतेय.