हाड जागचे हलत नाही

ताईचा उजवा डोळा किंचित पुढे आल्यासारखा दिसतो, हे आमच्या प्रथम लक्षात आले ते धाकट्या भावाच्या लग्नाचे फोटो पाहताना. दुखत काहीच नव्हते, त्यामुळे आधी चष्म्याचा नंबर बदलून झाला, मग थायरॉइडच्या तपासण्या झाल्या आणि त्यात दीड वर्ष गेले. अखेर नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका नेत्रतज्ज्ञांनी एमआरआय करायला सांगितला, तेव्हा निदान झाले. मेंदूच्या आवरणातून उगवणारी मेनिन्जिओमा ही गाठ डोळ्याच्या खोबणीमागच्या स्फेनॉइड हाडात शिरली होती.

गाठ म्हटल्यावर आम्हाला लिंबाएवढा गोळा अपेक्षित होता. प्रत्यक्षात आवरणावर तिचा नुसता पातळ थर पसरला होता आणि डोळा पुढे ढकलत होते ते फुगलेले हाड. सर्जननी सीटी स्कॅन दाखवला, त्यात डाव्या बाजूचे हाड पापुद्र्यासारखे बारीक होते, तर उजवीकडचे बोटाएवढे जाड आणि पांढरेशुभ्र. ते म्हणाले, "हे हाड गाठीमुळे सुजलेलं नाही, यातच गाठ आहे. हे ठेवलं तर ती पुन्हा वाढेल." सिम्पसन या न्यूरोसर्जननी 1957 साली गाठ किती काढली यावरून शस्त्रक्रियेच्या ज्या श्रेणी ठरवल्या, त्यांतल्या पहिल्या श्रेणीत गाठीबरोबर तिचे आवरण आणि बाधित हाड काढणेही येते, हे मला त्यानंतरच्या वाचनात कळले.

हे हाड काढायचे कसे, हाच कठीण भाग. त्याच्या आतूनच दृष्टीची नस डोळ्याकडे जाते आणि मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी अगदी शेजारी असते. फुगलेल्या हाडात नेहमीच्या खुणाही पुसट होतात. नेव्हिगेशनचा, म्हणजे सर्जनचे हत्यार डोक्यात नेमके कुठे आहे हे स्कॅनच्या चित्रावर दाखवणाऱ्या यंत्रणेचा, उपयोग इथे होतो. हाड नीट दिसावे म्हणून सीटी आणि मऊ भाग दिसावा म्हणून एमआरआय, असे दोन्ही स्कॅन संगणकात एकमेकांवर बसवतात. डोके तीन टोकांच्या क्लॅम्पमध्ये घट्ट धरून त्या क्लॅम्पलाच चकाकत्या गोळ्यांची चौकट लावतात. ती इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसते. चेहऱ्यावरच्या खुणांना पॉइंटर टेकवून डोके आणि चित्र यांची सांगड घातली, की पुढे पॉइंटर जिथे ठेवावा ती जागा पडद्यावर उमटते. चूक साधारण एक ते दोन मिलिमीटरची धरतात.

कवटी उघडून आतले पाणी निघाले की मेंदू थोडा सरकतो आणि आधी काढलेले चित्र त्याच्याशी जुळेनासे होते, म्हणून मेंदूच्या आतल्या गाठींमध्ये या यंत्रावर एका मर्यादेपलीकडे विसंबता येत नाही. स्फेनॉइडसारखे कवटीच्या तळाचे हाड मात्र क्लॅम्पमध्ये धरलेल्या डोक्याबरोबर स्थिर राहते, त्यामुळे तिथे शेवटपर्यंत चित्राचा आधार टिकतो. "मुंबईला न्यावे का?" हा प्रश्न घरात चार दिवस घोळत होता. मला वाटते, तो निर्णय नाशिकमध्येच शस्त्रक्रिया करण्याच्या बाजूने झुकला तो या एका खुलाशामुळे.

तरीही शस्त्रक्रिया संगणकाने केली, असे कुणी म्हटले की मला ते पटत नाही. पडद्यावरचे चित्र आदल्या दिवशीचे असते. घासून गेलेले हाड त्यात तसेच दिसत राहते. दृष्टीच्या नसेजवळ हिऱ्याच्या कणांचे ड्रिल चालवताना उष्णतेने नस भाजू नये म्हणून सतत पाणी सोडावे लागते, आणि थांबायचे कुठे हे सर्जनच्या हाताला ठरवावे लागते. डोळ्याच्या हालचालींच्या नसा जिथून जातात तिथला थोडा भाग त्यांनी जाणूनबुजून ठेवला आणि तसे आम्हाला आधीच सांगितले होते.

मऊ भागाचा रिपोर्ट लवकर आला. हाडाचे तुकडे आधी आम्लात ठेवून मऊ करावे लागतात, म्हणून त्यांचा उशिरा आला. त्या तुकड्यांतही मेनिन्जिओमाच्या पेशी सापडल्या होत्या.