कंसातली वजाबाकी

परवा दुपारी जुनी वही सापडली. वर ठळक अक्षरांत 'जगभरचे कथाकार' आणि खाली दोन रेघा. एकेकाला दोन पानं द्यायची, असा बेत होता. सुरुवातीला अक्षर अगदी मोत्यासारखं. पाचव्या नावाला ते घसरलंय आणि पुढे नुसती नावंच, खाली कोऱ्या ओळी. प्रत्येक नावापुढे कंसात सालं मात्र न चुकता, आणि समासात पेन्सिलीने बारीक वजाबाक्या.

ही माझी जुनी खोड. कथा राहू दे बाजूला, आधी कंस बघायचा. शाळेत धड्याच्या वर लेखकाचा परिचय असे. बाकीच्या मुली फोटोला मिशा काढायच्या आणि मी वय काढायची. त्यात हातचा विसरायची हमखास, त्यामुळे कितीतरी लेखकांना मी दहा-दहा वर्षं फुकट वाढवून दिली आहेत.

कॅथरिन मॅन्सफील्डलाही दिली असती, तर ती ४५ वर्षांची झाली असती. कंसात १८८८-१९२३. हातचा धरला की ३५, आणि महिने बघितले तर ३४च, कारण जन्म ऑक्टोबरचा आणि गेली जानेवारीत. वेलिंग्टनची ही पोरगी फ्रान्समध्ये क्षयाने गेली. त्या संध्याकाळी नवरा भेटायला आला होता आणि ती जिना भरभर चढून वर गेली, असं सांगतात. हे वाचल्यापासून तिच्या कथेत कुणी जिना चढायला लागलं, की माझा जीव वर-खाली होतो.

चेखवही क्षयानेच गेला, ४४व्या वर्षी. स्वतः डॉक्टर. जर्मनीतून त्याचा देह मॉस्कोला आला तो रेल्वेच्या कालवं न्यायच्या थंड डब्यातून, आणि स्टेशनवर जमलेल्यांतले काही जण चुकून कुणा सेनापतीच्याच शवपेटीमागे चालू लागले. हा प्रसंग त्याला स्वतःला लिहायला मिळाला नाही, याचीच मला जास्त हळहळ.

मोपासाँ आणि काफ्का या दोघांनी माझं गणित आणखी बिघडवलं. मोपासाँ १८५० च्या ऑगस्टचा, गेला १८९३ च्या जुलैत. काफ्काचा जन्म ३ जुलैचा, मृत्यू ३ जूनचा. दोघांचाही वाढदिवस महिन्यावर आलेला. नुसती सालं वजा केली की उत्तर एकाने चुकतं. मोपासाँने तेवढ्यात तीनशेच्या आसपास कथा लिहून ठेवल्या, त्यातल्या बहुतेक दहा-बारा वर्षांत. याउलट मेक्सिकोचा हुआन रुल्फो ६८ वर्षं जगला. एका टायर कंपनीचा फिरता विक्रेता होता. १९५३ साली एक कथासंग्रह, १९५५ साली एक कादंबरी, आणि मग पुढची तीस वर्षं जवळजवळ गप्पच. त्याच्या वजाबाकीतून काय काढायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

शेवटून तिसऱ्या पानावर अॅलिस मन्रो निघाली. मुली झोपल्या की ही बाई लिहायला बसायची. पहिला संग्रह १९६८ साली आला. १९३१ वजा केले की ३७. म्हणजे मॅन्सफील्डचं सगळं आटोपलेलं असतं त्या वयाच्याही पुढे जाऊन हिची सुरुवात. २०१३ साली नोबेल मिळालं, ते मी पानाच्या कोपऱ्यात चांदणी काढून लिहिलंय.

नावापुढे (१९३१- आणि पुढे मोकळी जागा. कंस बंद केलेलाच नव्हता.

पेन्सिल शोधली. मन्रो २०२४ च्या मेमध्ये गेली, वाढदिवस जुलैतला. म्हणजे ९३ नव्हे, ९२. या वेळी चुकले नाही. कंसाची उरलेली कमान काढली.

मागे अजून दोन पानं होती, दोन्हींवर उघडे कंस. ती उलटली नाहीत.